दिवे वेगळे, वायपर वेगळे

आमच्या गावात एक क्रियापद आहे. ते दुसऱ्या कुठल्याही गावात चालणार नाही. यूड मारणे.

पबमध्ये चार जण बसलेत. तिघांनी आपापल्या वेळेला सगळ्यांना बिअर पाजली. चौथ्याची वेळ आली आणि तो "जरा फोन करून येतो" म्हणून जो गेला तो गेलाच. त्याने यूड मारला. शाळेत एखाद्या पोराने सगळ्यांच्या चिप्स खाल्ल्या आणि स्वतःचं पाकीट दप्तरात दाबलं, तर त्यानेही यूड मारला. पहिलीतल्या पोरांनाही हा शब्द येतो. त्यांना वाटतं तो शब्दकोशात असणार.

आणि त्याच पोरांना रोज शाळेत नेणाऱ्या बसची ड्रायव्हर आहे ग्लेनिस यूड.

मी पहिल्यापासून तिच्या मागच्या सीटवर बसते, त्यामुळे तो शब्द उच्चारला गेला की तिच्या मानेचं काय होतं ते मला पाठ आहे. मान आधी ताठ होते. मग आरशात दोन डोळे येतात.

"मागचा बाक! तो शब्द गिळा, नाहीतर उतरा आणि चालत जा!"

"ग्लेन, बाहेर पाऊस आहे!"

"मला दिसतोय. वायपर चालू आहेत माझे."

टास्मानियाच्या पश्चिम किनाऱ्याला हार्कर्स क्रीकला पाऊस नसला तर लोक घड्याळ बंद पडलं का बघतात. डोंगर तांब्याच्या धुराने कधीचे बोडके झालेत, खाण बंद आहे, फुटबॉलच्या मैदानावर गवताऐवजी खडी आहे, आणि इंटरनेट छपरावरच्या ताटलीतून येतं, तेही ढगांची परवानगी असेल तर. अशा गावात माणसं करणार काय? गेम खेळतात. साठी ओलांडलेली ग्लेनिस सगळ्यात जास्त खेळते. दिवसा बस चालवते आणि घरी जाऊन, तुम्हाला खोटं वाटेल, गाड्याच चालवते. "तिथे मागे पोरं नसतात," म्हणते.

तर तो शब्द कसा झाला. तो बनवला क्लॅरी हिंड्सने. खाणीत ट्रक चालवणारा म्हातारा. आता फुफ्फुसं गेलीत, नाकात नळी आहे आणि शेजारी ऑक्सिजनची टाकी, पण गोष्ट सांगायची म्हटली की टाकीलाही थांबायला लावतो.

"पगाराचा दिवस," क्लॅरी सुरू होतो. मग स्स, एक श्वास. "आम्ही आठ जण. सात शाउट झाले. आठवा एर्नी यूडचा." शाउट म्हणजे सगळ्यांची बिअर एकाने घ्यायची ती. ओरडत मात्र कुणी नाही. स्स. "एर्नी उठला. खिसे चाचपले. म्हणाला, 'गाडीचे दिवे चालू राहिलेत वाटतं. बघून येतो.' आणि गेला!" इथे क्लॅरी इतका वेळ थांबतो की ऐकणाऱ्याला वाटतं आता टाकी संपली. "अरे, गाडी! त्या माणसाकडे सायकलसुद्धा नव्हती!"

सगळे हसतात. पन्नास वर्षं हसतायत. क्लॅरी त्या वेळी त्या टेबलावरचा सगळ्यात लहान होता, आणि आज त्या आठांतला तो एकटाच उरलाय, त्यामुळे त्याला खोटं पाडायला कुणी नाही. दर वर्षी गोष्टीला नवा मसाला लागतो. गेल्या ख्रिसमसला एर्नी जाताना कुणाचीतरी टोपीही घालून गेला.

ग्लेनिस त्याच एर्नीची मुलगी. बाप गेला, शब्द राहिला. तिने लग्न केलं नाही, त्याचं कारण मी एकदा तोंड वर करून विचारलं होतं, तर म्हणाली, "आडनाव बदलून पळून गेले असं नको व्हायला." मला वाटलं ती गंमत करतेय. नव्हती करत.

तिने शब्दावर तोडगा काढला तो असा. व्हिडिओचं दुकान बंद पडल्यावर गावात भाड्याने गेम मिळेनात, आणि नवा गेम घ्यायचा म्हणजे आठवड्याचा किराणा. तेव्हा ग्लेनिसने सहा घरं गोळा केली आणि गेमचा शाउट सुरू केला. एका खेपेला एका घराने नवा गेम घ्यायचा, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचा, आणि तो डबा ग्लेनिसच्या बसमधून घराघरांत फिरायचा. एकाचं खेळून झालं की पुढचं घर. मग पुढच्याचा शाउट. आमचं घर त्यात आहे, क्लॅरीचंही आहे, कारण त्याला एकट्याने घरातून हलता येत नाही आणि रॅलीच्या गेमशिवाय त्याचा दिवस जात नाही.

डब्याचा नियम एकच. गेमच्या खोक्यावरचं प्लास्टिक घरी फाडायचं नाही. शुक्रवारी गावच्या क्लबात, मांसाच्या ट्रेची सोडत झाली की (तिकिटं काढायची, ज्याचा नंबर लागेल त्याला मांस), सगळ्यांसमोर फाडायचं. एकदा एका घराने आधी महिनाभर स्वतः खेळून मग आणला होता, तेव्हापासून हा नियम. ग्लेनिसनेच केलेला. आणि त्याच नियमाने ती बुडाली.

यंदा 'चिखलवाट'चा तिसरा भाग आला. रॅलीचा गेम, कच्चे रस्ते, जंगल, घाट. पहिले दोन्ही भाग क्लॅरीने शाउट केले होते, आणि ते तो कुणाला विसरू देत नव्हता. तिसरा आला तेव्हा पाळी ग्लेनिसची.

"बघू हं," क्लॅरी फोनवर माझ्या आईला म्हणाला होता, "यूड काय करते."

बर्नी शहरातल्या दुकानातून ग्लेनिसने तो आणला. एकशे एकोणीस डॉलर. बसमध्ये आम्हाला सगळा रस्ता तेच ऐकावं लागलं.

"एकशे एकोणीस! अमेरिकेत हाच गेम कितीतरी स्वस्त. का? म्हणे आपण लांब राहतो. अरे, तो गेम काय बोटीने येतो? समुद्राखालच्या तारेतून येतो. तारेला भाडं लागतं? आणि वर म्हणे गेम बनवायला खर्च वाढलाय. वाढला असेल. मग बनवणाऱ्या पोरांना दर नाताळात कामावरून का काढता?"

"मग घेतलास कशाला ग्लेन?"

"माझा शाउट आहे म्हणून घेतला, टेस. दात घासलेस का सकाळी?"

शुक्रवार आला. ग्लेनिसने निळा स्वेटर घातला होता, ठेवणीतला. आणि क्लॅरी स्वतः आला! बारवाली शोना त्याला टाकीसकट आपल्या गाडीत घालून घेऊन आली. त्याला खिडकीजवळ बसवलं, पुढ्यात शिंपल्यांची पाई ठेवली. मांसाची सोडत झाली, ट्रे नेहमीप्रमाणे पोलिसाला लागला, नेहमीप्रमाणे सगळ्यांनी बोंब मारली. मग ग्लेनिस उठली.

"यूडचा शाउट," ती म्हणाली. मोठ्याने. हे वाक्य कधीपासून राखून ठेवल्यासारखं म्हणाली.

प्लास्टिक फाडलं. खोकं उघडलं.

आत डिस्क नव्हती.

डिस्कच्या जागी, जिथे तो गोल खड्डा असतो ना, तिथे एक कागद होता. कागदावर आकडे आणि अक्षरं. खाली लिहिलेलं, हा कोड तुमच्या खात्यात भरा आणि साहसाला सुरुवात करा! पुढे तीन उद्गारचिन्हं.

ग्लेनिसने खोकं उलटं केलं. हलवलं. कागद खाली पडला. एका खात्यात एकदाच भरता येणारा कोड. म्हणजे एक घर, एक मशीन. डब्यात घालून फिरवायला काही नाहीच.

तळणीचं तेल तेवढं तडतडत होतं.

"डिस्क कुठाय?" कुणीतरी विचारलं.

आणि खिडकीजवळून, स्स.

"गाडीचे दिवे चालू राहिले असतील," क्लॅरी म्हणाला. "बघायला गेली असेल."

असे हसले लोक, की काय सांगू. पोलिसाच्या नाकातून बिअर आली. माझी आईसुद्धा हसली, मग तोंडावर हात ठेवला. हसण्यासारखंच होतं ते, मी नाही म्हणत नाही. ग्लेनिसने कागद उचलला, घडी घातली, खोक्यात ठेवला, खोकं डब्यात ठेवलं आणि झाकण लावलं. झाकण लागेना. तिने ते पुन्हा लावलं. मग सगळ्यांना एकेक बिअर पाजली, क्लॅरीलाही, आणि घरी गेली.

शनिवारी तिने प्रकाशक कंपनीला फोन लावला. ग्लिंटवे तिचं नाव. मी तिच्या स्वयंपाकघरात होते, आईने जॅमची बरणी घेऊन पाठवलं होतं, म्हणजे खरं तर माफी मागायला. फोन स्पीकरवर होता. आधी इतका वेळ गिटार वाजली की बरणीतला अर्धा जॅम आम्ही पावाला लावून संपवला. मग एक आवाज आला. त्या आवाजाला मी काय नाव देऊ. कोमट दुधात साखर घालून त्यात बोट बुडवल्यासारखा.

"हाऽय ग्लेनिस! मी झेन! आजचा तुझा दिवस कसा चाललाय?"

"मी एक गेम विकत घेतला. खोक्यात गेम नाही."

"ओऽह, ग्लेनिस. तुझी निराशा मी पूर्णपणे समजू शकतो. चांगली बातमी ही आहे की खोक्यात कोड आहे!"

"मला कोड नको. मी कोड विकत घेतला नाही, गेम घेतला."

"तसं बघायला गेलं तर, ग्लेनिस, तू गेम विकत घेतलेला नाहीस. तू तो खेळायचा परवाना घेतलास."

ग्लेनिसने पावावरचा जॅम चाटला. "बाळा, माझ्याकडे बस चालवायचा परवाना आहे. त्याच्याबरोबर त्यांनी बसही दिली."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"मी तुझं म्हणणं ऐकतोय, ग्लेनिस."

"ऐकतोयस ना? मग ऐक. हा गेम मला शेजाऱ्याला द्यायचाय. माझं झालं की त्याला. आयुष्यभर असंच करत आलोय. पुस्तक देतो, करवत देतो, केकचं भांडं देतो. हा कसा द्यायचा?"

"तुझा शेजारी स्वतःची प्रत घेऊ शकतो! सध्या सोनेरी आवृत्तीवर खास सवलत आहे, फक्त एकशे एकोणसाठ—"

"अजून गेम मिळाला नाही आणि त्याची सोनेरी आवृत्ती आली?"

"त्यात दिवे समाविष्ट आहेत!" झेन म्हणाला.

तेव्हा आम्हाला वाटलं, दिवे म्हणजे कसलीतरी सजावट असेल.

शेवटी ग्लेनिसने विचारलं, "पोरा, हे असं बोलायचे तुला किती देतात रे?" मग एकदम साध्या, थकलेल्या आवाजात, "ते मला सांगता येत नाही." आणि लगेच पुन्हा साखर. "अजून काही मदत करू शकतो का, ग्लेनिस?"

"अजून?" ती म्हणाली. "आधीची कोणती?"

फोन ठेवल्यावर तिने हात धुतले. साबण लावून. मला ते बघून हसू आलं, पण माझेही हात चिकट वाटत होते, आणि ते जॅमने नव्हते.

सुट्टीच्या दिवशी ती बर्नीला गेली. आईला चादरी घ्यायच्या होत्या म्हणून आम्ही दोघीही तिच्या गाडीत. दुकानातला डॅल्टन, दाढी विणल्यासारखी, शर्टावर ड्रॅगन, तिने खोकं काउंटरवर ठेवल्याबरोबर मान खाली घालून बसला. बहुतेक ती पहिली नव्हती.

"खोक्यावर लिहिलेलं असतं," तो पुटपुटला. "आत डिस्क नाही म्हणून."

"कुठे?"

त्याने नखाने किमतीचं स्टिकर सोलून काढलं. त्याच्याखाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, होतं. डिस्क नाही. इंटरनेट आवश्यक.

"तुमच्याच स्टिकरखाली?"

"स्टिकर कुठे लावायचं ते वरून सांगतात," डॅल्टन म्हणाला. त्याचे कान लाल झाले. "हे बघ, उघडलेला कोड आम्ही परत घेत नाही. पण… तुझे पैसे मी देतो परत. मॅनेजर जेवायला गेलाय. पटकन घे आणि जा."

आई म्हणाली, "घे ग्लेन."

नोटा काउंटरवर आल्या. ग्लेनिसने त्यांच्याकडे पाहिलं, उचलल्या नाहीत.

"हे घेतले तर माझा शाउट झाला नाही," ती म्हणाली.

"अगं, तुझी काय चूक? कंपनीने फसवलं."

"ते तुला माहीत. क्लॅरी काय म्हणेल ते मला माहीत. वेळ आली आणि यूड पैसे खिशात घालून दुकानातून बाहेर पडली." तिने खोकं डब्यात घातलं. "त्याला तिसरा भाग पाहिजे. माझी पाळी होती. तो त्याला मिळणार."

डॅल्टनने नोटा परत गल्ल्यात टाकल्या. सुटका झाल्यासारखं तोंड झालं त्याचं, आणि शरमल्यासारखंही.

मग तिने काय केलं? गेम मशीनमधून बाहेर काढता येत नाही ना? ठीक. मशीनच फिरवायचं. पुढच्या वेळी ती आपलं मशीन घेऊन बर्नीच्या वाचनालयात गेली, कारण आमच्या ताटलीतून तो गेम उतरायला दिवाळी आली असती. हा आमच्या शेजारच्या नाशिककर नर्सबाईंचा शब्द, मला भारी आवडतो. वर्तमानपत्रांच्या टेबलाखाली प्लग होता. एक आजोबा शेजारी येऊन बसले, खूप वेळ मशीनकडे बघितलं आणि कुजबुजले, "कसलाच वास येत नाहीये. काय शिजतंय?"

"गाडी," ग्लेनिस म्हणाली.

दिवसभर शिजली. वाचनालय बंद व्हायला आलं तेव्हा कुठे उतरली.

पुढे कित्येक आठवडे आमच्या बसमध्ये पुढच्या सीटवर कपड्यांची टोपली असायची. टोपलीत टॉवेलमध्ये गुंडाळलेलं मशीन, वरून सीटबेल्ट. पहिलीतल्या एकीने विचारलं, "बाळ आहे का ते?" ग्लेनिस म्हणाली, "हो, आणि त्याच्या बापाला मी शोधतेय."

आमच्या घरी ते आलं तेव्हा कळलं, दिवे म्हणजे काय.

गेममध्ये गाडी मिळते. छान गाडी. गाडी घाटात शिरते, रात्र होते. पडद्यावर काळोख. दिव्यांचं बटण दाबलं की पाटी येते, दिवे हवेत? साडेचारशे मोती! हे मोती म्हणजे त्यांचे स्वतःचे पैसे, खऱ्या डॉलरने विकत घ्यायचे. आणि ते चारशेच्या नाहीतर हजाराच्या थैलीतच मिळतात. साडेचारशेची थैली नाही. ज्याने हे बसून ठरवलं त्याला घरी आई असेल का, असा मला प्रश्न पडतो. पुढच्या टप्प्यात पाऊस येतो. काचेवर चिखल. वायपर? तीनशे मोती! आणि पाटीवर एक गोड कोल्हा उड्या मारतो आणि म्हणतो, "ओहो! काहीच दिसत नाहीये वाटतं!" दर वेळी. त्याच आवाजात. माझा धाकटा भाऊ त्या कोल्ह्याला बूट फेकून मारायला गेला, आईने बूट धरला. मग आईनेच शिव्या घातल्या. ज्या शिव्या आमच्या घरात चालत नाहीत, त्या.

"हे म्हणजे पाव विकायचा आणि वरचा पापुद्रा वेगळा," आई म्हणाली. बेकरीत काम करते, तिला सगळं पावातच सुचतं.

सगळ्या घरांनी असंच अंधारात धडपडत खेळलं. दिवे कुणी घेतले नाहीत. ठरवून नाही, किळस येऊन. ग्लेनिस मात्र आधी आपल्या घरी तो अंधाराचा टप्पा पुन्हा पुन्हा खेळली होती. प्रत्येक वळणावर आपटून. कशाला, ते तेव्हा कळलं नाही.

सगळ्यात शेवटी क्लॅरी.

टोपलीचं एक टोक तिने धरलं, एक मी. क्लॅरीचं घर चढावर आहे, आणि पायऱ्या शेवाळल्यात. तो खुर्चीत तयार बसला होता, भांग पाडून.

"आली का यूड? मला वाटलं वाटेत कुठे दिवे बघायला थांबली."

ग्लेनिसने तारा जोडल्या. पहिला टप्पा क्लॅरीने असा मारला की मीच ओरडले. म्हाताऱ्याचे हात काय हलतात! मग घाट आला, रात्र झाली, पडदा काळा.

"दिवे?"

"दिवे वेगळे," ग्लेनिस म्हणाली. "विकत."

क्लॅरीने तोंड उघडलं. ते वाक्य त्याच्या जिभेवर आलेलं मला दिसत होतं, अगदी दातांपर्यंत. पण कोल्हा मध्येच बोलला, "ओहो! काहीच दिसत नाहीये वाटतं!" आणि क्लॅरी त्या कोल्ह्याकडे बघत राहिला.

"हे काय बोललं?"

"सोड त्याला," ग्लेनिसने खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी बसली. "चल. सरळ. सरळ. आता डावीकडे, हळू… हळू म्हणते ना! हां. पूल आहे. पुलानंतर लगेच उजवीकडे, पूर्ण."

"तुला कसं ठाऊक?"

"आपटून. बोलू नकोस, श्वास घे. उजवीकडे!"

असा तो घाट चढला. काळ्या पडद्यावर काळी गाडी, दोन म्हातारी माणसं, एक हाक देतेय, एक वळतोय. टाकी स्स स्स करतेय. क्लॅरी हसत होता, पण त्या हसण्यात कुणाची टोपी उडत नव्हती. शेवटचं वळण राहिलं होतं. पलीकडे समुद्र आणि शर्यतीचा शेवट.

पडदा पांढरा झाला.

तुम्हीच या गेमचे मालक आहात याची खात्री करायची आहे! कृपया इंटरनेट जोडा. तुमचं साहस आम्ही जपून ठेवलंय!

क्लॅरीकडे इंटरनेट नाही. फोन आहे तोही भिंतीवरचा. ग्लेनिसने एक बटण दाबलं, दुसरं दाबलं. तीच पाटी. महिन्यातून एकदा म्हणे त्या गेमला आपल्या धन्याला, म्हणजे कंपनीला, हाक मारून विचारायचं असतं. बाकीच्या घरी कधीतरी ताटलीतून ते परस्पर होऊन गेलं होतं. इथे ताटली नव्हती.

ग्लेनिसचे हात मांडीवर पडले. मान ताठ झाली. मला ती मान पाठ आहे म्हणाले ना. ती शब्दाची वाट बघत होती.

स्स.

"पैसे घेतले," क्लॅरी म्हणाला. "आपली वेळ आली. आणि गेले दिवे बघायला." स्स. "आणि दिवेसुद्धा यांच्याकडेच." तो पडद्याकडे असा बघत होता जसं कुणी त्याच्या पाईवर बसून गेलंय. "काय नाव त्या कंपनीचं?"

"ग्लिंटवे," मी म्हणाले.

"ग्लिंट मारला लेकांनी."

"एर्नीने निदान," क्लॅरी पुढे म्हणाला, "जाताना 'तुझा दिवस कसा चाललाय' विचारलं नव्हतं." ही झेनची गोष्ट मीच त्याला फोनवर आवाजासकट सांगितली होती. मग तो जरा थांबला, आणि ते थांबणं गोष्टीतलं नव्हतं. "त्याचा पगार कापला होता त्या दिवशी. खाणीचा ट्रक ठोकला म्हणून. खिशात काही नव्हतं. ते आम्हाला ठाऊक होतं."

ग्लेनिस हळूच वळली. "ठाऊक होतं?"

"सगळ्यांना."

"पन्नास वर्षं?"

"गोष्ट चांगली होती ना, ग्लेन."

"हलकट आहेस तू, क्लॅरी."

"आहेच."

तिने तारा काढल्या, गुंडाळल्या, मशीन टॉवेलमध्ये ठेवलं. क्लॅरी म्हणाला, "चहा?" ती म्हणाली, "नको." दारात थांबून मात्र म्हणाली, "शेवटचं वळण डावीकडे होतं. सावकाश घेतलं असतंस तर आला होतास."

"घेतलं असतं," क्लॅरी म्हणाला.

त्याने पुढे काय केलं माहितीय? पुढच्या कित्येक शुक्रवारी शोनाच्या गाडीतून क्लबात आला आणि गोष्ट सांगत सुटला. नवी गोष्ट. पांढरा पडदा, कोल्हा, साडेचारशे मोती. तीच थांबायची पद्धत, तोच स्स. दर वेळी नवा मसाला. आता कोल्ह्याने टोपीपण घातलीय. एर्नीची गोष्ट कुणी मागितली तर म्हणतो, "ती जुनी झाली. ही ऐक." माफी त्याने मागितली नाही. ग्लेनिसने दिलीही नसती.

डबा पुन्हा फिरायला लागलाय, पण आता त्यात फक्त जुन्या डिस्का असतात, ओरखड्यांच्या, बर्नीच्या सेकंडहँड खणातल्या. नवं कुणी घेत नाही. क्लबात डबा उघडला की सगळे आधी वाकून बघतात, चकती आहे ना. चिखलवाटचा तिसरा भाग ग्लेनिसच्या मशीनमध्ये आहे. शेवटचं वळण त्यानंतर तिनेही घेतलेलं नाही. ताटलीला ढगांनी परवानगी दिली तरी नाही.

परवा बसमध्ये पहिलीतल्या एका पोराने दुसऱ्याचं चॉकलेट खाल्लं आणि आपलं दिलं नाही. लगेच आरडाओरडा. "ग्लेन! ग्लेन! ह्याने ग्लिंट मारला!"

मी मानेकडे बघितलं. मान तशीच होती, सैल. आरशात डोळे आले आणि गेले. मग तिने कारणाशिवाय एकदा हॉर्न दाबला. रस्त्यावर कुणीही नव्हतं, फक्त पाऊस.

शाळेच्या फाटकापाशी थांबल्यावर तिचा फोन वाजला. चष्मा तिने डोक्यावर सरकवला होता, म्हणून म्हणाली, "वाच गं, टेस." मी वाचलं. झेनच्या आवाजात वाचलं, दुसऱ्या आवाजात ते वाचताच येत नाही.

"हाऽय ग्लेनिस! आम्हाला तुझी आठवण येतेय! फक्त या आठवड्यात, फक्त तुझ्यासाठी, वायपर अर्ध्या मोत्यांत!"

ग्लेनिस समोर बघत होती. काचेवर वायपर चालले होते, करकरत, एक रबर फाटलेलं.

"हे बसबरोबर आले होते," ती म्हणाली. "उतरा आता. भिजू नका."